नगरपालिका व संसाधनबचत

नगरपालिका, महानगरपालिका, नगरपंचायत इ. नागरी स्थानिक संस्था पाणी, वीज, जमीन व टाकाऊ पदार्थ यांचा वापर ज्या योजनांद्वारे अशा रीतीने करतात की, परिसराची हानी घटते आणि संस्थेचा आवर्ती खर्चही कमी होतो, त्या योजनांना स्थूलपणे संसाधनबचत म्हणतात. पर्यावरणरक्षण हे खर्चाचे काम असून ते सुस्थितीतील नगरांनाच परवडते, असा समज रूढ आहे. तो काही बाबतींत खरा व बऱ्याच बाबतींत चुकीचा आहे. ज्या कामाचे बिल नगरपालिका स्वतः भरते, त्या कामात परिसराचे हित आणि तिजोरीचे हित बहुधा एकाच दिशेने जाते. जेथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असतो, तेथे मात्र योजना रखडतात. किंवा वाचलेला दिसणारा खर्च प्रत्यक्षात दुसऱ्या कोणाच्या तरी माथी गेलेला असतो.

भारतात हे कार्य नागरी संस्थांकडे विधिपूर्वक आले, ते चौऱ्याहत्तराव्या संविधान दुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३ पासून). तिच्यायोगे जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन यांबरोबरच नागरी वनीकरण व पर्यावरणाचे रक्षण यांचाही समावेश आहे. अधिकार आले, तरी उत्पन्नाची साधने त्या मानाने वाढली नाहीत. महाराष्ट्रातील महानगरपालिकांचा मोठा आधार असलेली जकात टप्प्याटप्प्याने गेली व १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईतूनही ती संपली. त्यानंतर अनुदानावरील अवलंबन वाढल्यामुळे, हाती असलेला पैसा वाचविणे हाच उत्पन्नवाढीचा एक खात्रीचा मार्ग उरला. [⟶ नगरपालिका, महानगरपालिका].

पाणीपुरवठा : नगरपालिकेच्या वीजबिलाचा मोठा भाग पाणी उपसण्यात जातो, ही गोष्ट सामान्य नागरिकाच्या सहसा लक्षात येत नाही. १,००० लि. पाणी १०० मी. उंच चढविण्यास सिद्धांतानुसार सु. ०.२७ किलोवॉट-तास (युनिट) वीज लागते. पंप व विद्युत् चलित्र यांची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हा आकडा ०.४ च्या वर जातो. जुन्या, झिजलेल्या वा चुकीच्या क्षमतेच्या पंपांच्या बाबतीत तो याहूनही अधिक असतो. समजा, एखादे नगर दररोज १० कोटी लिटर पाणी १०० मी. उंचीवर चढविते आणि त्यातील ३० टक्के पाणी नळांच्या सांध्यांतून गळून जाते. तर केवळ गळणाऱ्या पाण्यावर रोज सु. १२,००० युनिटे, म्हणजे वर्षाला चाळीस लाखांहून अधिक युनिटे वीज खर्ची पडते. म्हणूनच पाण्याची गळती थांबविणे ही विजेचीही बचत होय. हे पाणी शुद्ध केलेले असल्याने त्यावरील तुरटी, क्लोरीन व मजुरी यांचा खर्चही त्याबरोबर जमिनीत मुरतो.

नगराच्या भूरचनेनुसार या प्रश्नाची तीव्रता बदलते. मुंबईला तानसा, वैतरणा इ. जलाशयांतील पाणी मुख्यतः गुरुत्वाने मिळते. भातसाचे पाणी मात्र पंपाने उचलावे लागते. याउलट बंगलोरला (बंगळुरू) कावेरीचे पाणी सु. १०० किमी. अंतरावरून, तीन टप्प्यांत मिळून सु. ५०० मी. चढवून आणावे लागते. वरील हिशोबाने तेथे दर १,००० लिटरमागे केवळ चढणीसाठी दोन युनिटांच्या आसपास वीज लागते आणि नळातील घर्षणाचा खर्च त्याहून निराळा. इंदूरचीही स्थिती अशीच आहे. नर्मदेचे पाणी सु. ७० किमी. दूर असलेल्या जलूद येथून उचलून माळव्याच्या पठारावर आणावे लागत असल्याने तेथील महानगरपालिकेच्या खर्चात वीजबिलाचा वाटा फार मोठा राहिला आहे.

गळती शोधण्यासाठी प्रथम पाणी मोजावे लागते आणि बहुतेक नगरांत अडचण येथेच सुरू होते. दिवसातून एकदोन तास पाणी सोडण्याची पद्धत वरकरणी काटकसरीची वाटते. परंतु ती तशी नाही. पुरवठा बंद असताना नळांतील दाब नाहीसा होतो व भोवतालचे दूषित पाणी फटींतून आत शिरते. पाणी पुन्हा येईल याची शाश्वती नसल्याने लोक गरजेपेक्षा अधिक साठा करतात आणि ताजे पाणी येताच शिळे म्हणून तो ओतून देतात. तोट्या उघड्याच राहतात. सातारा जिल्ह्यात कराडलगत असलेल्या मलकापूर नगरपंचायतीने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठ्याची पद्धत अवलंबिली. प्रत्येक जोडणीस मापक बसविण्यात आला आणि वापर वाढेल तसा दरही चढत जाईल, अशी आकारणी ठरविण्यात आली. अखंड पुरवठा होऊनही पाण्याची उधळपट्टी झाली नाही. पाणी केव्हाही मिळते अशी खात्री व वापराप्रमाणे बिल, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच असा परिणाम साधतो. मापकांशिवाय अखंड पुरवठा किंवा अपुऱ्या पुरवठ्यावर मापकांची सक्ती, या दोन्ही वाटा अपयशाकडे जातात. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये याच प्रकारच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले. मात्र मोठ्या व जुन्या शहरात नळांचे जाळे बदलणे हे लहान नगराहून कितीतरी कठीण असते.

दिवाबत्ती : या क्षेत्रातील बचत सर्वांत सोपी आहे, म्हणून तिचा गाजावाजाही सर्वाधिक झाला. २५० वॉटचा सोडियम बाष्प दीप त्याच्या नियंत्रक साधनासह सु. २८० वॉट वीज घेतो. त्याच्या जागी १२० वॉटचा एलईडी दिवा चालू शकतो. रस्त्यावरील दिवा वर्षाला सु. ४,००० तास जळतो. म्हणजे दर खांबामागे वर्षाकाठी ६०० हून अधिक युनिटे वाचतात. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांवरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी दिवे स्वखर्चाने बसविते आणि वाचलेल्या वीजबिलातून काही वर्षांत आपली रक्कम वसूल करते, अशी व्यवस्था आहे. या कार्यक्रमाखाली देशात एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. परंतु वीज वाचली, तरी कंपनीचे हप्ते अनेक नागरी संस्थांनी थकविले. बचत ही रोख हाती येत नाही. ती न झालेल्या खर्चाच्या रूपात असते आणि तो पैसा तोवर दुसऱ्या निकडीच्या कामात गेलेला असतो. शिवाय दिवे स्वस्त पडतात म्हणून ते गरजेहून जास्त व प्रखर लावण्याची प्रवृत्तीही वाढली आहे.

वाहितमल : सांडपाणी शुद्ध करणे हे नगरपालिकांना केवळ खर्चाचे काम वाटत आले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ मधील पाहणीनुसार भारतातील नागरी भागात दररोज सु. ७२,००० दशलक्ष लि. सांडपाणी निर्माण होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता सु. ३२,००० दशलक्ष लि. होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती सु. २०,००० दशलक्ष लिटरांवर. यांतील पहिल्या दोन आकड्यांमधील अंतर भांडवलाच्या अभावाचे आहे, तर नंतरच्या दोहोंमधील अंतर मुख्यतः वीज, देखभाल, कुशल माणसे व केंद्रापर्यंत पाणी आणणाऱ्या गटारांच्या अभावाचे. अनुदान यंत्र उभारण्यास मिळते, ते चालविण्यास मिळत नाही. या एका नियमाने जितकी यंत्रे बंद पडली, तितकी तांत्रिक दोषाने क्वचितच पडली असतील.

कलकत्त्याच्या (कोलकाता) पूर्वेकडील पाणथळ प्रदेश हे याच्या उलट टोकाचे उदाहरण होय. सु. १२,५०० हेक्टरांच्या या टापूत शहराचे सांडपाणी ‘भेडी’ नावाच्या उथळ तलावांत सोडले जाते. भरपूर सूर्यप्रकाशात शैवले वाढतात. प्रकाशसंश्लेषणामुळे ती पाण्यास ऑक्सिजन पुरवितात. त्या ऑक्सिजनावर सूक्ष्मजंतू मलद्रव्यांचे विघटन करतात आणि शैवले व प्लवक यांवर मासे पोसले जातात. केव्हा व किती सांडपाणी आत घ्यावयाचे, हे तेथील मच्छीमार पिढीजात अनुभवाने ठरवितात. शेजारच्या धापा येथे शहराच्या कचऱ्यावर तयार झालेल्या जमिनीत भाजीपाला पिकतो. अशा रीतीने शहराला मोठ्या शुद्धीकरण केंद्रांचा खर्च करावा लागला नाही आणि वर मासळी व भाजी स्वस्त मिळाली. या व्यवस्थेचे शास्त्रीय महत्त्व अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या प्रदेशातील जमिनीच्या वापरात बदल करण्यास प्रतिबंध केला आणि २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याची नोंद झाली. तरीही भरावाचे व बांधकामाचे आक्रमण थांबलेले नाही. या तलावांनी वाचविलेला खर्च महानगरपालिकेच्या कोणत्याच हिशोबवहीत दिसत नाही. जमिनीची किंमत मात्र प्रत्येकास दिसते.

नागपूरची योजना निराळ्या प्रकारची आहे. औष्णिक वीजकेंद्राला शीतन मनोऱ्यांसाठी प्रचंड पाणी लागते. दर मेगावॉट-तासास ३ घनमीटर धरले, तरी १,००० मेगावॉटच्या केंद्राची दिवसाची गरज सु. ७ कोटी लिटरांवर जाते. दरडोई १३५ लि. या मानाने ती पाच लाख लोकांच्या गरजेएवढी होते. नागपूरचे पिण्याचे पाणी व कोराडी येथील वीजकेंद्राचे पाणी ही दोन्ही पेंच प्रकल्पातून येत असल्याने त्यांच्यात स्पर्धा होती. २००८ मध्ये नागपूर महानगरपालिका आणि महानिर्मिती कंपनी यांच्यात करार होऊन भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीस पुरविण्याचे ठरले. १३ कोटी लिटर क्षमतेच्या या केंद्रामुळे महानगरपालिकेस सांडपाण्याचे मोल मिळू लागले, कंपनीस पाण्याचा भरवशाचा स्रोत लाभला आणि धरणातील तेवढे पाणी पिण्यासाठी मोकळे झाले. पुढे तेथे याहून मोठे केंद्र उभारण्यात आले. जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात शुद्धीकरण केंद्रापासून ५० किमी.च्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरण्याचे बंधन घालण्यात आले, हे याच विचाराचे पुढचे पाऊल होय. सुरत महानगरपालिकाही पांडेसरा येथील कापड रंगविणाऱ्या कारखान्यांना शुद्ध केलेले सांडपाणी विकते; तिच्या अंजना येथील केंद्रात सांडपाण्याच्या गाळातील मिथेनपासून २००३ च्या सुमारास वीज निर्माण होऊ लागली. अशा पाण्यास गिऱ्हाईक जवळ असणे ही या योजनांची मूलभूत अट आहे. कारखाना वा वीजकेंद्र जवळ नसलेल्या नगरात हे गणित सुटत नाही.

घनकचरा : कचऱ्यातून शक्ती मिळविण्याची कल्पना नवी नाही. लंडनमधील शोरडिच येथील स्थानिक संस्थेने १८९७ मध्ये कचरा जाळून वीज निर्माण करणारे केंद्र उघडले; त्याच्या उष्णतेचा उपयोग शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहांस होई. त्याच सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मलापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावीत, हेही नमूद करण्याजोगे आहे. शोरडिचचा कचरा जळे, कारण घरोघरच्या शेगड्यांतील अर्धवट जळालेला कोळसा त्यात असे. हे कारण ध्यानात न घेतल्याचा परिणाम दिल्लीत दिसून आला. १९८० नंतरच्या दशकात तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रसाहाय्याने दिवसाला ३०० टन कचरा जाळणारे केंद्र बांधण्यात आले. परंतु दिल्लीच्या ओल्या, माती मिसळलेल्या कचऱ्याचे उष्णतामूल्य इतके कमी निघाले की, ते केंद्र अल्पावधीतच बंद पडले. भारतीय नगरांच्या कचऱ्यात सु. निम्मा भाग अन्न व भाजीपाला यांचा असतो. तो जाळण्यापेक्षा कुजविणे, म्हणजे त्याचे खत वा जैववायू करणे, स्वाभाविक आहे. मात्र त्यासाठी ओला व सुका कचरा उगमापाशीच वेगळा झाला पाहिजे. २००० च्या नियमांत वर्गीकरणास उत्तेजन होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ते कचरा निर्माण करणाऱ्यावर बंधनकारक केले.

वर्गीकरणाचा आर्थिक लाभ मुख्यतः वाहतुकीत असतो. कचरा हे वजनाच्या मानाने अत्यंत कमी किमतीचे द्रव्य असल्यामुळे ते जितके दूर न्यावे, तितका तोटा वाढतो. वेंगुर्ले या सु. १२,००० वस्तीच्या नगराने २०१५ नंतर कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण सुरू केले. ओल्या भागापासून जैववायू होऊ लागला, प्लॅस्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात वापरण्यात आले आणि कचरा टाकण्याच्या जागी बाग उभी राहिली. इंदूरमध्ये २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वाहनांचे इंधन तयार करणारे केंद्र सुरू झाले. तेथेही यंत्रापेक्षा त्याआधी काही वर्षे घरोघर रुजविलेली वर्गीकरणाची शिस्तच अधिक मोलाची ठरली. तिमारपूरला नेमकी तीच नव्हती.

पुण्याच्या अनुभवात मात्र बचतीचा खरा भार कोण वाहतो, हा प्रश्न स्पष्ट होतो. शहराचा कचरा दीर्घकाळ उरुळी देवाची व फुरसुंगी येथे उघड्यावर टाकला जात असे. विहिरी नासल्या, दुर्गंधी व धूर यांनी ग्रामस्थ हैराण झाले आणि त्यांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. या काळात महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कचऱ्याची विल्हेवाट स्वस्त दिसे. ती किंमत गावे मोजीत होती. दुसरीकडे कचरा वेचणाऱ्या, बहुतांशी दलित असलेल्या स्त्रिया भंगार वेगळे करून शहराचा वाहतुकीचा खर्च विनामूल्य वाचवीत होत्या. त्यांना संघटित करणारी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये स्थापन झाली. महानगरपालिकेने त्यांची ओळखपत्रे मान्य केली आणि पुढे या कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी २००८ मध्ये घरोघरच्या कचरासंकलनाचा करार केला. सभासद प्रत्येक घराकडून दरमहा शुल्क घेतात व विकण्याजोगा माल विकतात. मोठ्या ठेकेदाराच्या मानाने ही पद्धत महानगरपालिकेस फार स्वस्त पडते. पण शुल्क न देणारी घरे, न मिळणारे हातमोजे, आजारपणातील बुडालेली कमाई यांचा भार सभासदांवरच पडतो आणि कराराच्या नूतनीकरणाची अनिश्चितता वारंवार निर्माण होते. कमी खर्चाचे श्रेय पद्धतीला देताना हे विसरता येत नाही.

वित्तव्यवस्था : संसाधनबचतीच्या बहुतेक योजनांना आरंभी भांडवल लागते व लाभ नंतर अनेक वर्षे मिळतो. जर्मनीतील श्टुटगार्ट नगराने १९९५ पासून यासाठी एक सुटसुटीत युक्ती योजली आहे. नगराचे पर्यावरण खाते शाळा, रुग्णालये, पोहण्याचे तलाव इ. चालविणाऱ्या अन्य खात्यांना ऊर्जाबचतीच्या कामांसाठी बिनव्याजी रक्कम देते. वाचलेल्या बिलाएवढी रक्कम ते खाते दरवर्षी परत करते. फेड पूर्ण झाली की, पुढील बचत त्या खात्याकडे राहते आणि परत आलेला निधी नव्या कामास लागतो. भारतात बहुधा याच्या उलट घडते. ज्या खात्याने खर्च कमी केला, त्याची पुढील वर्षीची तरतूदच कमी केली जाते. त्यामुळे बचत करण्यात कोणासच हित वाटत नाही.

अलीकडे काही महानगरपालिकांनी कर्जरोख्यांचा मार्ग स्वीकारला आहे. गाझियाबादने २०२१ मध्ये सांडपाण्याच्या उच्च शुद्धीकरणासाठी १५० कोटी रुपये उभारले. ते पाणी उद्योगांना विकावयाचे असल्याने परतफेडीची सोय योजनेतच होती. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे रोखे सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले केले. जलूद येथेच ६० मेगावॉटचे सौर वीजकेंद्र उभारून नर्मदेच्या उपशाचे वीजबिल घटविणे, हा त्याचा हेतू होता. अर्थात ज्यांचे हिशोब चोख व पत चांगली, त्यांनाच हा मार्ग खुला आहे. लहान नगरपालिकांना तो जवळजवळ बंदच आहे.

स्वीडनमधील व्हेक्शो नगराचा उल्लेख या संदर्भात नेहमी केला जातो. सांडपाण्याने बिघडलेल्या तेथील ट्रूमेन सरोवराचा गाळ १९७०-७१ मध्ये काढण्यात आला. १९८० मध्ये नगराच्या मालकीच्या ऊर्जाकंपनीने घरे उबदार ठेवण्यासाठी तेलाऐवजी आसपासच्या जंगलांतील लाकडाचा भुगा व तुकडे जाळण्यास प्रारंभ केला आणि १९९६ मध्ये नगरसभेने दगडी कोळसा, खनिज तेल यांसारख्या इंधनांपासून पूर्णपणे मुक्त होण्याचा ठराव एकमताने संमत केला. स्वतःच्या मालकीची वीजव्यवस्था असल्यामुळे हे शक्य झाले. भारतात मुंबईचा ‘बेस्ट’ उपक्रम व केरळमधील त्रिचूर (त्रिशूर) महानगरपालिका यांसारखे अपवाद वगळल्यास नागरी संस्था वीज विकत घेणाऱ्या ग्राहकच आहेत.

महाराष्ट्रातील महानगरपालिकांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल तयार करावा, अशी तरतूद कायद्यात आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात पंचमहाभूतांच्या निकषांवर स्थानिक संस्थांचे गुणांकनही होऊ लागले. तथापि अहवाल जुलैमध्ये व अंदाजपत्रक वसंतात, असे असल्याने दोहोंचा सांधा क्वचितच जुळतो. व्हेक्शोने २००३ पासून पैशाच्या अंदाजपत्रकाबरोबरच पाणी, हवा, जमीन यांचेही वार्षिक अंदाजपत्रक सभागृहापुढे मांडून वर्षअखेरीस त्याचा ताळेबंद देण्याची पद्धत घातली. या पद्धतीचा प्रयोग त्यानंतर काही वर्षांतच फिलिपीन्समधील तुबिगोन आणि आंध्र प्रदेशातील गुंटूर येथेही करण्यात आला.